ठरल्यापलीकडचे काम



गुढीपाडवा जवळ आला की आपल्या नांदेड-लातूरकडच्या गावांत एकच बोलणे सुरू होते. "यंदा कुणाचं साल धरलंस?" "किती ठरलं?" "उचल किती घेतली?"

जुने साल संपते. नवे साल ठरते. पैसे ठरतात. धान्य ठरते. पण एक गोष्ट बहुधा ठरत नाही. काम कोणते आणि किती वेळ, हे कोणी बोलत नाही. आज आपण तेवढीच एक गोष्ट शिकू.

१. वर्गातला प्रश्न

मांजरा नदीच्या काठी एक गाव आहे. तेथे रात्री प्रौढांचा वर्ग भरतो. वर्गात एक मामा आहेत. वय पन्नाशीचे. अक्षर चांगले. पण ते फार खाडे करत. एकदा गुरुजींनी विचारले, "मामा, वर्गाला का येत नाही?"

मामा म्हणाले, "काय सांगावं गुरुजी! मी सालगडी माणूस. दिवस उगवायच्या आधी गोठ्यात जातो. शेण काढतो, वैरण टाकतो, धारा काढतो. मग दिवसभर शेतात. दिवस मावळल्यावर घरी निघालो की मालक म्हणतेत, आज रात्रीची लाईट हाय, आखाड्यावर जा, पाणी दे. परवा मालकाच्या पुतणीचं लगीन झालं. चार दिवस मांडवात राबलो. बायकोनं भांडी घासली. पोरानं पाणी भरलं."

"त्याचे वेगळे पैसे मिळाले का?"

"मालक म्हन्ले, तू तर घरचाच माणूस. घरच्या माणसाला कुठं पैसे देत असतेत व्हय?"

वर्ग हसला. पण मागे बसलेल्या एक मावशी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "घरचा माणूस म्हणतेत ना? मग मागच्या साली मामा तापानं आठ दिवस पडले, तवा खाडे कामून कापले?"

वर्ग गप्प झाला.

गुरुजी म्हणाले, "मावशींनी नेमक्या जागी बोट ठेवले. काम सांगताना घरचा माणूस आणि पैसे देताना परका, असे चालेल का? ठरलेल्या कामापलीकडचे काम मालकाला फुकट करून घेता येते का? आज हाच धडा."

२. वेठ म्हणजे काय?

मोबदला न देता जबरदस्तीने करून घेतलेले काम म्हणजे वेठ. हा शब्द आपल्या बोलण्यात अजून आहे. "मला वेठीस धरू नको," असे आपण म्हणतो. कोणी मन न लावता काम उरकले, तर "वेठ मारली" म्हणतो. या शब्दांत आपल्या वाडवडिलांचे हाल साठले आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी अंमलदार दौऱ्यावर आला, की गावाने त्याची सरबराई करायची. कोणी सामान वाहायचे. कोणी सरपण आणायचे. कोणी घोड्याला गवत कापायचे. जहागीरदारांच्या आणि देशमुखांच्या वाड्यावरही असेच चाले. आपली पेरणी खोळंबली तरी बोलावणे आले की जावे लागे. हे ओझे सर्वांत जास्त दलितांवर आणि गोरगरिबांवर पडे.

शेजारच्या मुंबई इलाख्यात इंग्रजांचे राज्य होते. तेथे महार वतनाची पद्धत होती. वतनदार महाराने सरकारचे काम केव्हाही करायचे. दिवस असो, रात्र असो. तो घरी नसला तर त्याच्या घरच्या माणसाला कामाला धरत. मोबदला काय? थोडी जमीन, थोडे बलुते आणि नावापुरता पगार.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ही पद्धत बदलण्यासाठी विधेयक मांडले. तेव्हा ते पार पडले नाही. पुढे १९५८ साली कायदा झाला आणि ही वतने रद्द झाली. मध्ये तीस वर्षे गेली.

या जुन्या वेठीच्या तीन खुणा ध्यानात ठेवा.

पहिली खूण : कामाला वेळेचे बंधन नाही.
दुसरी खूण : एकाला मजुरी, पण काम सगळ्या घराला.
तिसरी खूण : नाही म्हणायची सोय नाही.

आता मामांची हकिकत पुन्हा वाचा. यातल्या किती खुणा तुम्हांला दिसतात?

३. घटना काय सांगते?

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिचे तेविसावे कलम सांगते, की माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि तशा प्रकारचे सक्तीचे काम यांना मनाई आहे. असे करणे हा गुन्हा आहे.

याला एक अपवाद आहे. सार्वजनिक कामासाठी सरकार लोकांवर सेवा सक्तीची करू शकते. पण त्यात धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेदभाव करता येत नाही. हा अधिकार सरकारचा आहे. मालकाचा नाही.

कोणी म्हणेल, "मालकाने काठी कुठे उगारली? गडी आपल्या पायांनी कामाला गेला. मग ती सक्ती कशी?"

हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ भरले. त्यासाठी मोठी बांधकामे चालू होती. तेथल्या मजुरांच्या हाती कायद्याने ठरलेली मजुरी पुरी पडत नव्हती. त्यावर न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. त्याचा अर्थ असा : माणूस भुकेला आहे, दुसरे काम नाही, म्हणून तो कमी पैशांत राबतो. ही गरिबीची सक्तीसुद्धा सक्तीच आहे. किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे वेठच.

म्हणजे वेठीला काठी लागतेच असे नाही. रिकामे पोटही माणसाला वेठीस धरते.

४. तासांचा हिशेब

गिरणीत भोंगा असतो. भोंगा झाला की काम सुरू. पुन्हा भोंगा झाला की सुटी. पण हेही कोणी आयते दिले नाही.

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केले. रविवारची सुटी मागितली. दुपारी अर्धा तास विसावा मागितला. पगार वेळेवर मागितला. सहा वर्षे नेट धरला. १८९० साली रविवारची सुटी मिळाली.

१९१९ साली अनेक देशांच्या प्रतिनिधींनी मिळून एक करार केला. कारखान्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, असे त्यात ठरले. आपल्या देशातल्या बारमाही कारखान्यांसाठी ४८ तासांची मर्यादा १९४६ च्या कायद्याने आली. हा कायदा झाला तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते.

शेतात भोंगा नाही. तेथे गड्याचा दिवस मालकाच्या हाकेने सुरू होतो आणि हाकेनेच लांबतो. म्हणून शेतावरच्या माणसाला आपला भोंगा आपणच करावा लागतो. तो कसा, ते पुढे पाहू.

५. आजचा कायदा

१९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला होता. त्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. ही संहिता संसदेने २०१९ साली मंजूर केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

एक : सरकारने ठरवलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी मजुरी देता येत नाही. शेतमजुरालाही हे लागू आहे.

दोन : दिवसाचे नेहमीचे तास किती, हे सरकार ठरवते. त्यापेक्षा जास्त काम घेतले, तर जादा तासांचे पैसे नेहमीच्या दराच्या निदान दुप्पट द्यावे लागतात.

तीन : एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त मजुरी देता येत नाही.

चार : मजुरी मिळाली नाही किंवा कमी मिळाली, तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. ठरल्यापलीकडचे काम मालक विचारू शकतो. आपण हो म्हणू शकतो. पण हो म्हटले, तर त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. ते काम जुलमाने किंवा फुकट लादता येत नाही.

६. मदत निराळी, वेठ निराळी

मामांनी एक शंका काढली. "गुरुजी, मागं सोयाबीन कापून पडलं होतं आन् आभाळ भरून आलं. रात्री सगळे धावलो. ताडपत्री टाकली. त्याचे पैसे कुणी मागावेत? ते बरं दिसत न्हाई."

मामांचे बरोबर आहे. अडीअडचणीला धावून जाणे हा माणसाचा धर्म आहे. आपल्याकडे इर्जिक असते. सावड असते. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. गावाने मिळून श्रमदान केले, तर तेही चांगलेच.

मग मदत कोणती आणि वेठ कोणती? स्वतःला दोन प्रश्न विचारा.

मला नाही म्हणता येते का?
माझ्या अडचणीला समोरचा असाच येतो का?

दोन्हींचे उत्तर "हो" असेल, तर ती मदत. दोन्हींचे उत्तर "नाही" असेल, तर ती वेठ. तिला घरोब्याचे गोड नाव दिले, तरी ती वेठच.

७. उचलीचे भय

वर्गातला एक तरुण म्हणाला, "हे सगळं खरं. पण आपण उचल घेतलेली असती. तोंड उघडलं की मालक म्हणतेत, आधी उचल टाक, मग बोल."

हे भय खोटे नाही. उचल घेतलेला माणूस दबतो. पण उचल म्हणजे माणूस विकत घेणे नव्हे.

कर्जापायी माणसाला बांधून ठेवणे, याला वेठबिगारी म्हणतात. तेलंगणाच्या बाजूला अशा गड्याला भागेला म्हणत. ही पद्धत बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. त्या कायद्यातही हे नाव नोंदले आहे.

कर्जापायी माणूस किंवा त्याच्या घरची माणसे फुकट किंवा नावापुरत्या मजुरीवर राबत असतील, तर ती वेठबिगारी. त्याला दुसरीकडे कामाला जाऊ दिले नाही, तरी ती वेठबिगारी. अशा माणसाला हा कायदा मोकळा करतो. त्याच्या डोक्यावरचे ते कर्जही रद्द होते. वेठबिगार राबवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. खुशीने घेतलेली, हिशेबाने फिटणारी आणि माणसाला मोकळे ठेवणारी उचल हा साधा व्यवहार आहे. व्यवहार आपणही पाळला पाहिजे. पण उचल दाखवून कोणी घरच्यांना राबवू लागला, गाव सोडू देईना, तर तो व्यवहार राहिला नाही.

८. चला, हिशेब करू

पाटी घ्या. समजा, एक गडी रोज दोन तास जादा काम करतो. वर्षात असे ३०० दिवस धरू.

२ तास × ३०० दिवस = ६०० तास

आठ तासांचा एक दिवस धरू.

६०० ÷ ८ = ७५ दिवस

पंचाहत्तर दिवस! म्हणजे अडीच महिने तो गडी फुकट राबला.

आता त्याच्या बायकोचा हिशेब. ती रोज एक तास मालकाचा गोठा झाडते. वर्षाचे ३६० दिवस धरू.

१ तास × ३६० दिवस = ३६० तास
३६० ÷ ८ = ४५ दिवस

दीड महिना तीही फुकट राबली. दोघांचे मिळून १२० दिवस झाले. पुरे चार महिने.

हा आकडा फळ्यावर आला, तेव्हा मामा कितीतरी वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी म्हणत होतो, तास-दोन तासाचं काय एवढं?"

थेंबे थेंबे तळे साचे. पण ते आपल्या रानात साचले की दुसऱ्याच्या, हे पाहावे लागते.

९. आपला भोंगा : एक वही

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. एक वही करा. रोज रात्री दोन ओळी लिहा. अशा :

*सोमवार. सकाळी ६ ला गोठ्यात गेलो. संध्याकाळी ६ ला सुटलो. दुपारी १ तास जेवण.*
*रात्री १० ते २ पाणी दिले. मालकाने सांगितले.*

तारीख घाला. खरे तेवढेच लिहा. जेवणाची सुटी लपवू नका. आपण केलेला खाडाही लिहा. खऱ्या वहीला वजन असते. एक खोटी ओळ सापडली, तर शंभर खऱ्या ओळी वाया जातात.

साल ठरवतानाही कागद करा. त्यावर इतके लिहा :

१. साल कधीपासून कधीपर्यंत.
२. पैसे किती, धान्य किती, उचल किती.
३. काम कोणते. रोज किती वेळ.
४. रात्रीच्या पाण्याचे आणि राखणीचे वेगळे किती.
५. बायकोने किंवा घरच्या मोठ्या माणसाने काम केले, तर त्यांची मजुरी किती. मुलाला कामाला लावायचे नाही. त्याची जागा शाळेत.
६. सुट्या किती. आजारपणात काय.

दोघांच्या सह्या करा. एक प्रत मालकाकडे, एक आपल्याकडे. वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

१०. दाद कोठे मागावी?

आधी मालकाशी बोला. एकट्याने बोलणे अवघड जाते. म्हणून चौघे मिळून बोला. शांतपणे बोला. पुष्कळ मालक आपल्यासारखेच शेतकरी असतात. पावसाने आणि बाजारभावाने तेही गांजलेले असतात. पण त्यांची अडचण आपल्या फुकट कामाने भागवायची, हा न्याय नव्हे.

बोलून भागले नाही, तर मजुरीची तक्रार सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे करा. किमान मजुरी किती आणि आपल्या कामाला तास किती, हेही त्यांनाच विचारा. वेठबिगारीची तक्रार तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे द्या. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

नांदेड आणि लातूर, दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वेठबिगारीत सापडलेली माणसे यांना तेथे वकील फुकट मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला, तरी सल्ला मिळतो.

११. पाडव्याचा दिवस

पाडवा आला. मामा आणि आणखी तीन सालगडी मिळून मालकाच्या ओसरीवर गेले. मामांच्या हातात वही होती.

मालक म्हणाले, "हे काय रे? आता वही घेऊन आलास का? इतकी वर्षं तोंडी चाललं, ते काय वाईट होतं?"

मामा म्हणाले, "मालक, काम टाळायचं न्हाई. काम मोजायचंय. तुम्ही दुधाचं माप घेता, धान्याचं माप घेता. आमच्या कामालाच माप कामून नको?"

मालकांनी वही हातात घेतली. पाने चाळली. कितीतरी वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाण्याच्या एवढ्या रात्री झाल्या व्हय?"

सगळे काही त्या दिवशी मिळाले नाही. रात्रीच्या पाण्याचे वेगळे पैसे ठरले. मामींच्या गोठ्याच्या कामाला मजुरी ठरली. घरच्या लग्नकार्यातल्या कामाचे मालकांनी कबूल केले नाही. तेव्हा मामा म्हणाले, "मग त्या कामाला आम्हाला यायचंच असं धरू नका. जमलं तर पाहुण्यासारखे येऊ." मालक थोडे रागावले. पण कागदावर सही झाली.

त्या रात्री मामा वर्गाला वेळेवर आले. मामीही आल्या. गुरुजींनी त्यांच्या हातात पाटी दिली. मामी म्हणाल्या, "गुरुजी, आधी आकडे शिकवा. माझा हिशेब मीच लिहीन."

कठीण शब्द

मोबदला – कामाबद्दल मिळणारे पैसे किंवा वस्तू
उचल – आगाऊ घेतलेली रक्कम
अंमलदार – सरकारी अधिकारी
सरबराई – पाहुण्याची उठबस
संहिता – अनेक कायदे एकत्र करून केलेला कायदा
पोच – कागद मिळाल्याची लेखी खूण

प्रश्न

१. जुन्या वेठीच्या तीन खुणा कोणत्या?
२. मदत आणि वेठ यांत फरक कसा ओळखाल?
३. तुम्ही रोज किती तास काम करता? त्यातले किती ठरलेले आणि किती जादा? वर्षाचा हिशेब करा.
४. पुढच्या सालाचा कागद आपल्या हाताने लिहून पाहा. घरी वाचून दाखवा.